स्पॅनिशमधला ‘पाता’: पाय कुणाचा आणि वाक्प्रचार कोणता?

स्पॅनिशचं पहिल्या पातळीचं पुस्तक संपत आलं की एक अडचण हमखास येते. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, क्रियापदाचं रूपही ओळखता येतं, आणि तरी अर्थ लागत नाही. बातमीत ‘एल मिनिस्त्रो मेतिओ ला पाता’ असं वाचायला मिळतं. ‘मेतेर’ म्हणजे आत घालणं, ‘पाता’ म्हणजे पाय. मंत्र्याने पाय घातला. कशात घातला, ते शोधायला पुढे पाहावं तर पूर्णविराम. वाक्य तिथेच पुरं झालेलं असतं: मंत्र्याने माती खाल्ली, नको ते बोलून किंवा करून बसला.

अशा शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करू नयेत, एकच शब्द घेऊन तो मुळापासून उलगडून पाहावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी ‘पाता’ फार चांगला. रोजच्या बोलण्यातला आहे, शब्दशः अर्थ साधा आहे, वाक्प्रचार भरपूर आहेत, आणि देश बदलला की अर्थही बदलतो. या शब्दावर जी पद्धत हाताला बसेल तीच पुढे ‘मानो’ म्हणजे हात आणि ‘लेचे’ म्हणजे दूध, अशा शब्दांना लावता येते.

पायरी १: शब्दशः अर्थाची हद्द नीट आखा

मराठीत माणसाचा, बैलाचा आणि टेबलाचा, तिघांचाही ‘पाय’च. स्पॅनिशमध्ये ही वाटणी वेगळी आहे. माणसाचं पाऊल म्हणजे ‘पिए’, त्याच्या वरचा पाय म्हणजे ‘पिएर्ना’. ‘पाता’ मात्र जनावराचा: कुत्र्याचा, घोड्याचा, कोंबडीचा, अगदी मुंगीचाही. शिवाय टेबल, खुर्ची, पलंग यांचे पाय म्हणजेही ‘पातास’. आपल्याकडे खाटेच्या पायांना ‘खूर’ म्हणतात, ते आठवलं की हे चटकन लक्षात राहतं. जनावराचा शब्द लाकडी सामानाला देण्याची खोड दोन्ही भाषांना आहे.

बदकाला ‘पातो’ म्हणतात आणि त्याच्या मादीला ‘पाता’. पायाच्या ‘पाता’शी तिचा अर्थाने काही संबंध नाही, फक्त रूप एक आहे. संदर्भात तळं, पिल्लं, अंडी दिसली की तिची आठवण ठेवावी, एवढं पुरे.

आता महत्त्वाची गोष्ट. माणसाच्या पायाला ‘पाता’ म्हटलं तर ते चूक ठरत नाही, पण सूर बदलतो. ‘पाय बाजूला घे’ आणि ‘तंगडी बाजूला घे’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. पुढचे जवळजवळ सगळे वाक्प्रचार याच तंगडीच्या सुरातले आहेत. सलगीचे, थट्टेचे, कधी थोडे उर्मट. म्हणून शब्दशः अर्थावर थोडा वेळ घालवा. तो पक्का असेल तर वाक्प्रचाराचा अर्थ थोडा हुकला तरी त्याचा सूर हुकत नाही.

लाकडी पाय म्हणजे ‘पाता दे पालो’. स्पेनचा आरमारी सेनानी ब्लास दे लेसो याने १७०४ साली बेलेस-मालागाच्या लढाईत डावा पाय गमावला आणि त्याला ‘पातापालो’ हे टोपणनाव चिकटलं. याच माणसाने पुढे १७४१ मध्ये कार्ताखेना दे इंदियास हे आजच्या कोलंबियातलं बंदर इंग्रजांच्या प्रचंड आरमारापासून वाचवलं. एवढ्या मोठ्या सेनानीला लोकांनी दिलेलं नाव मात्र जनावराच्या किंवा टेबलाच्या पायाचं. त्यात आदर आहे, पण तो सलगीतून आलेला.

पायरी २: उच्चार

इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. ‘प’ला हकाराचा स्पर्श नाही, ‘त’ आपल्यासारखाच दंत्य. इंग्रजीच्या सवयीने ‘पाटा’ म्हणू नका. पहिल्या अक्षरावर जोर द्या. शब्दकोशात शोधताना रोमन लिपीतली पी, ए, टी, ए ही चार अक्षरं.

पायरी ३: आकारावरून पडलेली नावं वेगळी काढा

‘पाता’पुढे ‘दे’ आणि मग एखाद्या प्राण्याचं नाव आलं, तर पुष्कळदा ते एखाद्या वस्तूचं नाव असतं. ‘पाता दे काब्रा’, म्हणजे बकरीचा पाय, ही पहार. ‘पाता दे गाल्यो’, म्हणजे कोंबड्याचा पाय, हे अनेकवचनात डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांना म्हणतात आणि एकवचनात कापडाच्या एका चौकटीसारख्या नक्षीला. ‘पाता दे एलेफांते’ म्हणजे खाली रुंद होत जाणारी पँट, आपली बेलबॉटम.

या गटातलं माझं सर्वांत आवडतं नाव ‘पाता दे बाका’, गायीचा पाय. अर्जेंटिनात हे एका झाडाला म्हणतात, कारण त्याचं पान मधोमध दुभंगलेलं, गायीच्या खुरासारखं दिसतं. ते झाड बौहिनिया वंशातलं आहे, म्हणजे आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्या कुळातलं. दसऱ्याला आपण जे पान सोनं म्हणून देतो त्याच्या अमेरिकेतल्या भावकीला तिथल्या लोकांनी खूर म्हटलं. ही नावं वाक्प्रचार नव्हेत. त्यांत सूर बिर काही शोधू नका, वस्तूचं नाव म्हणून शिका आणि पुढे चला.

पायरी ४: पाय कुणाचा, हे विचारा

वाक्यात ‘पाता’ दिसलं की पहिला प्रश्न हाच. वाक्याचा कर्ता कोण आहे?

‘एल पेर्रो मेतिओ ला पाता एन एल चार्को.’ कर्ता कुत्रा. कुत्र्याने डबक्यात पाय घातला. सगळं शब्दशः.

‘मी हेफे मेतिओ ला पाता.’ कर्ता माझा साहेब. साध्या बोलण्यात साहेबाला ‘पाता’ नसते, ‘पिएर्ना’ असते. म्हणजे हा वाक्प्रचार. (‘हेफे’मधला ‘ह’ घशातून, ‘ख’च्या जवळचा.)

कर्त्याखालोखाल पाहायचं ते वाक्याचं शेपूट. कुत्र्याच्या वाक्यात ‘डबक्यात’ आहे, साहेबाच्या वाक्यात नाही. ‘मेतेर’ला शब्दशः अर्थाने वापरलं तर ‘कशात’ हे सांगावंच लागतं. ते नसेल तर संशय घ्या. मात्र एक अपवाद ध्यानात असू द्या: ‘मेतिओ ला पाता आस्ता एल कोर्बेखोन.’ इथे शेपूट आहे, पण ते ठिकाण सांगत नाही. ‘कोर्बेखोन’ म्हणजे घोड्याच्या मागच्या पायाचा मधला सांधा. त्या सांध्यापर्यंत पाय घातला, म्हणजे चूक भलतीच मोठी केली. वाक्प्रचार लांबवतानासुद्धा भाषेने जनावर सोडलेलं नाही, हे मला फार सुंदर वाटतं.

तिसरी खूण म्हणजे गोठलेलं रूप. वाक्प्रचारातले शब्द सहजी बदलत नाहीत. चुकीसाठी ‘मेतेर ला पिएर्ना’ कुणी म्हणत नाही. पसाऱ्यासाठीचं ‘पातास आर्रीबा’ नेहमी अनेकवचनीच असतं. ‘दे पातीतास एन ला काये’, म्हणजे घरातून किंवा नोकरीवरून हाकलून रस्त्यावर काढणं, यात ‘पातीतास’ हे लाडिक रूपच लागतं, ‘चिमुकल्या पायांवर’ असं काहीसं. हाकलण्यात लाड कसले, असं वाटेल, पण रूप तेच राहतं. शब्द बदलून पाहा. बदलल्यावर वाक्य विचित्र झालं, तर तुम्ही वाक्प्रचारासमोर उभे आहात.

आणि शब्द बदलल्यावर कधी कधी अर्थच पालटतो. हे उदाहरण मी प्रत्येक नवख्याला आधी सांगतो, कारण इथली गफलत महागात पडते:

‘एस्तिरार लास पिएर्नास’ म्हणजे पाय ताणणं, लांबच्या प्रवासात गाडी थांबवून पाय मोकळे करणं.

‘एस्तिरार ला पाता’ म्हणजे मरणं. आपल्या ‘गचकणं’च्या तोडीचं.

क्रियापद एकच, पाय तेवढा बदलला. बसमध्ये शेजारच्या आजींना ‘जरा पाय मोकळे करता का?’ असं विचारायचं असेल, तर ‘पिएर्नास’ हा शब्द आधी मनात घोळवून घ्या.

पायरी ५: वारंवार भेटणारे मोजकेच वाक्प्रचार शिका

वीस-पंचवीस एकदम नकोत. सुरुवातीला एवढे पुरतात.

‘मेतेर ला पाता’ वर आलाच. त्याचं नाम ‘मेतेदूरा दे पाता’, आणि सतत असं करणारा माणूस ‘मेतेपातास’. या नामामुळे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द खूप दिसतो.

‘इर आ पाता’: पायी जाणं, पण तंगडतोड करत. साधं ‘चालत जाणं’ म्हणजे ‘इर आ पिए’. आपण फिरायला निघालो तर ‘आ पिए’, बस चुकली म्हणून वैतागून निघालो तर ‘आ पाता’.

‘सालीर पोर पातास’: धूम ठोकणं.

‘आ क्वात्रो पातास’: रांगत, हातापायांवर. बाळाबद्दलही म्हणतात, आणि तिथे त्यात काही उणं नाही. ‘आ ला पाता कोखा’: लंगडी घालत. मुलांच्या खेळात हा शब्द असतो, आपल्या लंगडीसारखाच. हे दोन्ही शब्दशः आणि लाक्षणिक यांच्या सीमेवर बसलेले आहेत. पाय खरेच आहेत, फक्त माणसाला घटकाभर जनावराचे पाय दिले आहेत.

‘माला पाता’वर थोडं थांबायला हवं. शब्दशः ‘वाईट पाय’. मराठी माणसाच्या मनात लगेच ‘पायगुण’ येतो, ‘पांढऱ्या पायाची’ हा जुना, क्रूर शब्द येतो. आपल्या शब्दात दोष एका व्यक्तीवर, बहुतेक वेळा घरात नव्याने आलेल्या सुनेवर, ठेवलेला असतो. ‘माला पाता’ तसं काही म्हणत नाही. ‘के माला पाता!’ म्हणजे ‘काय हे नशीब!’ गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, सहलीच्या दिवशीच पाऊस आला, दुकानात पोचलो आणि ते नुकतंच बंद झालं, अशा वेळी हे तोंडातून निघतं. समोरच्याला दिलासा म्हणूनही म्हणतात. ज्याच्यामुळे अपशकुन होतो असं मानलं जातं त्या माणसाला स्पेनमध्ये वेगळाच शब्द आहे, ‘गाफे’. म्हणून ‘माला पाता’ ऐकल्यावर आपल्याला दोष दिला असं समजू नका, आणि त्याचं मराठी करताना ‘पायगुण’ तर मुळीच लिहू नका. दोन भाषांत शब्द सारखा दिसतो तिथेच जास्त जपावं लागतं.

‘पातास आर्रीबा’, पाय वर. घर, खोली, कपाट, सगळं उलटंपालटं. ‘तेंगो ला कासा पातास आर्रीबा’ म्हणजे घरात नुसता पसारा पडला आहे.

पायरी ६: ज्याला कायद्याने धरलं तो वाक्प्रचार

‘पाता नेग्रा’, काळा पाय, याला स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण शब्दशः अर्थाचा वाक्प्रचार कसा होतो ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

स्पेनच्या नैऋत्येला आणि पश्चिमेला, एक्स्त्रेमादुरा, उएल्वा, सालामांका या भागांत, इबेरिक जातीची डुकरं पाळतात. त्यांचे खूर बहुधा काळे असतात. शरद ऋतूपासून ही डुकरं ओकच्या रानात मोकळी सोडतात आणि ती झाडाखाली पडलेली फळं, म्हणजे ‘बेयोता’, खाऊन पुष्ट होतात. त्यांच्या मागच्या मांडीला मीठ लावून ती दीर्घकाळ वाळवली की ‘खामोन’ तयार होतो. दुकानात ही अख्खी मांडी खुरासकट टांगलेली असते. काळा खूर दिसला की गिऱ्हाईक म्हणायचं, हा अस्सल. अशा तऱ्हेने ‘पाता नेग्रा’ हे उत्तम खामोनचं नाव झालं, आणि त्यातून ‘अव्वल, अस्सल, बावनकशी’ असा अर्थ आला. आता वकीलही ‘पाता नेग्रा’ असतो आणि फुटबॉल संघाचा कट्टर चाहताही.

पण सगळ्याच काळ्या खुरांमागे बेयोता नसते आणि संकरित डुकरांचे खूरही काळे असू शकतात. त्यामुळे हा शब्द पाट्यांवर सैलपणे वापरला जाऊ लागला. शेवटी १० जानेवारी २०१४ च्या शाही आदेशाने तो बांधला. १०० टक्के इबेरिक जातीचं आणि बेयोतावर पोसलेलं जनावर असेल, तरच ‘पाता नेग्रा’ लिहिता येतं. त्या मांडीवर काळी पट्टी असते. बेयोतावरच पोसलेल्या, पण संकरित जनावराला लाल, कुरणात चारा-दाण्यावर वाढवलेल्याला हिरवी, आणि बंदिस्त पाळलेल्याला पांढरी. दुकानात उभे असाल तर खुराचा रंग पाहू नका, पट्टीचा पाहा. बोलण्यातल्या ‘पाता नेग्रा’वर अर्थातच कुठलाही आदेश चालत नाही.

पायरी ७: बोलणारा कुठला, ते पाहा

स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि बोलीतले वाक्प्रचार सीमा ओलांडताना बदलतात.

पेरूत ‘पाता’ म्हणजे दोस्त. ‘मी पाता’ म्हणजे माझा यार, किंवा मैत्रीणही. लिमाच्या रस्त्यावर हा शब्द इतका सहज येतो की पाय किंवा बदक मनात आणायची सोयच राहत नाही.

मेक्सिकोत ‘पाता दे पेर्रो’, कुत्र्याचा पाय, म्हणजे पायाला भिंगरी लागलेला माणूस. चिलीत त्यालाच ‘पातिपेर्रो’ म्हणतात, आणि चिलीचे लोक जगभर फिरणाऱ्या आपल्या माणसांबद्दल हा शब्द प्रेमाने वापरतात.

नसत्या शंका काढणाऱ्याला स्पेनमध्ये सांगतात, मांजराला तीन पाय शोधू नकोस: ‘त्रेस पिएस आल गातो’. लॅटिन अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हेच ‘सिंको पातास’ होतं, म्हणजे पाच पाय. पाच जास्त तर्काला धरून आहे, पण स्पेनमध्ये तीनच रूढ.

आणि एक सावधगिरीचं. चिलीमध्ये ‘पातास नेग्रास’ असं अनेकवचनात म्हटलं, तर त्याचा अर्थ विवाहित व्यक्तीचा चोरटा प्रियकर. स्पेनमध्ये शिकलेली ‘पाता नेग्रा’ची स्तुती सांतियागोत कुणाला ऐकवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पायरी ८: शब्दकोश खालून वाचा

स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ ची, आणि तिचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. नवखे लोक नोंद उघडतात, पहिला अर्थ वाचतात आणि बंद करतात. वाक्प्रचार मात्र नोंदीच्या खालच्या भागात असतात, क्रमांकित अर्थ संपल्यावर. म्हणून ‘मेतेर ला पाता’ शोधताना ‘मेतेर’पाशी अडकू नका, ‘पाता’ उघडा आणि खाली जा. नामाखाली शोधायचं, ही सवय लावून घ्या.

प्रत्येक अर्थाआधी बारीक संक्षेप असतात, ते ओलांडून जाऊ नका. ‘कोलोक.’ असेल तर बोलीतला, घरगुती. देशाचं नाव असेल तर तो अर्थ तिथलाच. अमेरिका खंडातल्या वापरासाठी देशोदेशींच्या स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघटनेने २०१० मध्ये वेगळा कोश काढला आहे, तोही मोफत आहे. पेरूचा दोस्त आणि मेक्सिकोचा भटक्या यांच्यासाठी तो हाताशी ठेवा.

वाक्प्रचारांच्या उगमकथा इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांतल्या पुष्कळ रचलेल्या असतात. त्या लक्षात ठेवण्यात वेळ घालवण्यापेक्षा प्रत्येक वाक्प्रचाराची तीन खरी वाक्यं बातम्यांतून उतरवून घ्या.

पायरी ९: आधी ओळखा, वापरायची घाई नको

ऐकून कळणं आणि स्वतः बोलणं यांत काही महिन्यांचं अंतर ठेवा. पुण्या-मुंबईत स्पॅनिश ग्राहकांसाठी काम करणाऱ्या मुलामुलींना हे मी विशेष आग्रहाने सांगेन. कंपनीकडून चूक झाली, तर पत्रात ‘एमोस कोमेतिदो उन एर्रोर’, आमच्याकडून चूक झाली, असं लिहा. ‘मेतेर ला पाता’ मित्राला सांगा. कुणाच्या निधनाबद्दल लिहायचं असेल तर ‘मोरीर’ किंवा त्याहून अदबीचं ‘फायेसेर’. ‘एस्तिरार ला पाता’ शोकपत्रात गेलं, तर ते नातं पुन्हा सांधणं अवघड. उलट ‘के माला पाता’ लवकर वापरायला हरकत नाही. तो निरुपद्रवी आहे आणि तुमच्या तोंडून ऐकून समोरच्याला आनंदच होईल.

पायरी १०: सराव

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, मग पुढचा मजकूर वाचा.

‘एल काबायो से रोम्पिओ ऊना पाता.’ कर्ता घोडा. ‘ऊना’ म्हणजे ‘एक’. घोड्याचा एक पाय मोडला. शब्दशः.

‘मी पाता बिएने मान्याना.’ माझा पाय उद्या येतो? लेखक लिमाचा असेल तर, माझा दोस्त उद्या येतोय.

‘पेर्दीमोस एल त्रेन, आसी के फुइमोस आ पाता.’ गाडी चुकली, म्हणून तंगडतोड करत गेलो.

‘देखारोन ला मेसा पातास आर्रीबा.’ हे अवघड आहे. कर्ता माणसं, पण पाय टेबलाचे, आणि टेबलाला खरोखरच ‘पातास’ असतात. वाक्य रंगकाम करणाऱ्यांबद्दल असेल, तर त्यांनी टेबल उलटं करून ठेवलं, पाय छताकडे. मुलांच्या वाढदिवसानंतरचं असेल, तर टेबल जागच्या जागी आहे, फक्त त्यावर केकचे तुकडे, सांडलेलं सरबत आणि चुरगळलेले कागद आहेत. व्याकरणाची एकही खूण इथे मदतीला येत नाही. आधीची दोन वाक्यं वाचावीच लागतात.